तीन महिन्यांची साखर, पण खरी किती?

मैत्रिणींनो, ‘एचबीएवनसी’ हे नाव आता आपल्या तोंडात चांगलंच बसलंय. तीन महिन्यांची साखर! तालुक्याच्या गावी माझी रक्त तपासणीची लॅब आहे. रिपोर्ट हातात पडला की बायका आधी तेवढा एक आकडा बघतात आणि बाकीचे कागद घडी घालून पर्समध्ये टाकतात. आज त्या बाकीच्या कागदांविषयी.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधलं प्रथिन. रक्तातली साखर त्याला चिकटते. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८ मध्ये तेहरानमध्ये डॉ. सॅम्युअल राहबर यांच्या लक्षात आलं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. ५.७ च्या आत ठीक, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पण पेशींचं आयुष्यच कमी-जास्त झालं, तर हा हिशेब चुकतो.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंचा आकडा होता ६.७. घाबरून त्यांनी रात्रीचं जेवणच सोडलं. उपाशीपोटीची साखर मात्र ९८, जेवणानंतरची १३०. हिमोग्लोबिन पाहिलं तर ७.२! पाळीत खूप अंगावरून जायचं, सांगणार कुणाला? लोह कमी असलं की हा आकडा उगाच वाढतो. डॉक्टरांनी पाळीवर उपचार केले, लोहाच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी आकडा ५.८ वर आला.

उलटंही होतं. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर मरतात. साखर जास्त असूनही आकडा कमी दिसतो, आणि बाई बिनधास्त राहते. विदर्भात, नंदुरबारकडे हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. थॅलेसेमियाही असाच घोळ घालू शकतो. रक्त चढवल्यावर किंवा गरोदरपणातही आकड्यावर विसंबू नये.

आणि अंगातली सूज? हिरड्या सुजणं, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाची न भरणारी जखम, हे आपण ‘होईल बरं’ म्हणून अंगावर काढतो. अशा वेळी इन्सुलिनचं काम नीट होत नाही, साखर खरोखरच वाढते. सूज फार दिवस राहिली तर शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं, हिमोग्लोबिन घटतं. म्हणजे साखर आणि तिचं माप, दोन्ही बिघडतं.

म्हणून एवढं करा. या तपासणीबरोबर हिमोग्लोबिनही तपासा. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वहीत लिहून ठेवा. ती रिपोर्टशी जुळत नसेल तर विचारा, लाजू नका. आणि मनानेच गोळी सुरू किंवा बंद करू नका. जेवण तर मुळीच सोडू नका!