बिऱ्हाडाचे घोडे : नव्याची निवड आणि जुन्याची निगा



माळशिरस तालुक्याच्या माळरानावरून मेंढपाळांचा वाडा हलतो तेव्हा त्याचा सर्वांत मोठा भार घोडीवर असतो. भांडीकुंडी, वाघर, अंथरूण-पांघरूण, चालता न येणारी कोकरे, कोंबड्या आणि पुष्कळदा या सर्वांवर बसलेले लहान मूल. ही घोडी शर्यतीची नाही की वरातीची नाही. ती घरातल्या माणसासारखी असते. पूर्वी वाडा गाडीवाटेने जात असे. आता वाटेत पालखी महामार्ग ओलांडावा लागतो आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर अंगावरून जातात. अशा वेळी घोडी बुजली तर धोका थेट मुलाच्या जिवाला असतो. म्हणून घरच्या घोड्याची निवड रूपावर न करता स्वभाव, पाय आणि वय पाहूनच करावी.

नवे घोडे केव्हा घ्यावे?

बहुतेक कुटुंबे जुनी घोडी पूर्ण थकल्यावर किंवा मेल्यावर दुसरी शोधू लागतात. त्या घाईत मिळेल ते जनावर घेतले जाते. घोडी १५-१६ वर्षांची झाली की दुसरीचा विचार सुरू करावा. घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. शांत, वाट माहीत असलेल्या जुन्या घोडीबरोबर एक हंगाम चालल्यास नवी घोडी लवकर स्थिरावते.

निवड करताना

भीमा-नीरा खोऱ्यातील भीमथडी जातीचे घोडे लहान चणीचे, काटक व कमी चाऱ्यावर तग धरणारे आहेत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या जातीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. बिऱ्हाडासाठी असे तट्टू सोयीचे. दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या अकलूजच्या घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी असे उंच, देखणे घोडेही येतात. परंतु त्यांची किंमत, खुराक व तडफ बिऱ्हाडाच्या कामाला परवडणारी नसते.

बाजारात भोवरे, देवमण, पंचकल्याणी यांवरून भाव ठरतात. या खुणांचा स्वभावाशी किंवा ताकदीशी संबंध नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. वय : घरात मुले असतील तर ७ ते १२ वर्षांची, कामाला सरावलेली घोडी घ्यावी. शिंगरू स्वस्त पडते, पण त्याला शिकवणारा माणूस लागतो. पटाशीचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. वरच्या जबड्यातील कडेच्या पटाशीच्या दातावर सुमारे दहाव्या वर्षी उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी खालच्या टोकापर्यंत पोचते. हा अंदाज आहे, परंतु "आठ वर्षांची आहे" या विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा तो भरवशाचा.

२. पाय : घोडी कठीण जमिनीवर सरळ चालवून व दुडकी पळवून पाहावी. पाऊल टेकताना मान वर झटकत असेल तर पुढचा पाय दुखतो आहे असे समजावे. चारही खूर उचलून पाहावेत. खूर उचलू देते की नाही, यावरून स्वभावही कळतो.

३. स्वभाव : दावणीला बांधलेली घोडी पाहून सौदा करू नये. तिच्यावर ओझे लादावे, उतरवावे, ताडपत्री फडफडवावी, भांडी वाजवावीत, कुत्रे व मेंढरे जवळून न्यावीत, शेवटी वाहनांच्या रस्त्याने चालवावी. सदाशिवनगर, खुडूस व अकलूज येथील रिंगणांत टाळ-मृदंगाच्या गजरात आणि हजारो माणसांच्या कड्यातून अश्व धावतात ते आपण दरवर्षी पाहतो. असा धीटपणा स्वभाव आणि सराव या दोहोंतून येतो. चावणारी, लाथ मारणारी किंवा मागे सरणारी घोडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. शक्यतो दोनदा, वेगवेगळ्या वेळी पाहावी.

४. आरोग्य : नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी असल्यास ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो व त्यावर जनावरात उपचार केले जात नाहीत. बाधित जनावर नष्ट करावे लागते. म्हणून खरेदीपूर्वी पशुवैद्यकामार्फत रक्ततपासणी करून घ्यावी. घरी आणल्यावर नवी घोडी तीन आठवडे वेगळी बांधावी, तिची बादली व तोबरा वेगळा ठेवावा आणि धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

जुन्या घोडीची निगा

म्हातारी घोडी खंगते ती बहुधा दातांमुळे. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल व जीभ कापते. चावलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडणे आणि लिदीत अख्खे दाणे दिसणे ही त्याची लक्षणे. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून दाढा घासून घ्याव्यात. खूर दर ६ ते ८ आठवड्यांनी कापावेत. जंताचे औषध त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

सुमारे २०० किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला ४ ते ५ किलो सुका चारा लागतो. म्हातारीला तो बारीक कुट्टी करून, भिजवून द्यावा. सोबत भिजवलेला हरभरा किंवा भरडलेले ओट मिळून एक किलोपर्यंत, दोन-तीन वेळा विभागून द्यावे. थोडे मीठ व पुरेसे स्वच्छ पाणी द्यावे.

आपल्या भागात चाऱ्याबाबत चार चुका टाळाव्यात :

• उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असते. ते चुना (कॅल्शियम) अंगी लागू देत नाही. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद जास्त व चुना कमी असतो. फक्त या दोहोंवर ठेवलेल्या घोड्याची हाडे पोकळ होतात, तोंड सुजल्यासारखे दिसते व पाय लंगडतो.

• कोवळी किंवा पाण्याचा ताण पडलेली हिरवी ज्वारी देऊ नये. तिच्यात विषारी घटक असतो. हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस ठेवल्यास मागचे पाय लटपटतात व लघवीवरचा ताबा जातो.

• बुरशी आलेला कडबा किंवा पेंड देऊ नये. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटदुखी जिवावर बेतते.

• कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला कधीही देऊ नये. त्यात मिसळली जाणारी काही औषधे घोड्याला प्राणघातक असतात.

गावाकडे थोडे बागायत असेल त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन गुंठे लसूणघास करावा. राहुरीचा आर.एल.-८८ हा वाण चांगला असून गुंठ्याला पाव किलो बी पुरते. लसूणघासात चुना भरपूर असल्याने वाढ्यांची उणीव भरून निघते. मात्र तो थोडा सुकवून, इतर चाऱ्यात मिसळूनच द्यावा.

ओझे व कामाचे तास

ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त व विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांवर गेल्यास दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवावे. ही मर्यादा धडधाकट जनावराची आहे. म्हातारीवर फक्त अंथरुणासारखे हलके सामान ठेवावे. नव्या घोडीवर पहिले काही आठवडे फक्त सामान लादावे. तिची खात्री पटेपर्यंत तिच्यावर मूल बसवू नये, आणि बसवले तरी ओझ्याला बांधू नये. घोडी पडली तर बांधलेल्या मुलाला सुटता येत नाही.

दोघींची ओळख झाल्यावरही तोबरे वेगळे बांधावेत, नाहीतर तरुण घोडी म्हातारीचा वाटा खाते. घोडी चालेनाशी झाल्यावर बाजारात विकण्याची घाई करू नये. तिचे वय पाहून घेणारा तिला पोसण्यासाठी घेईलच असे नाही. जी कुटुंबे वृद्धांना गावी ठेवून जातात, त्यांनी तिलाही शेळ्यांच्या सोबतीने सावलीत ठेवावे. ज्या घोडीने घरची पोरे सांभाळली, तिचे शेवटचे दिवस सुखाचे करणे आपल्या हाती आहे. वरीलप्रमाणे नव्याची पारख व जुन्याची निगा राखल्यास बिऱ्हाड सुरक्षित चालेल.