पडद्यावरचे शहर किती खरे?

गणेशोत्सवात लालबागच्या गणेशगल्लीत रात्री दर्शनाला जाणारा माणूस दोन गोष्टी पाहतो. एक गणपती आणि दुसरी त्याच्याभोवती उभारलेली वास्तू. १९२८ साली स्थापन झालेले हे मंडळ प्रसिद्ध मंदिरांच्या भव्य प्रतिकृतींसाठी ओळखले जाते. रांगेतला माणूस भाविक असतो, तसाच तो चोखंदळ परीक्षकही असतो. कळस चांगला साधला आहे, पण खांबांवरची नक्षी गेल्या वर्षीची सरस होती, अशी मते रांगेतच ऐकू येतात. तीच मंडळी दुसऱ्या दिवशी गिरगावात केशवजी नाईक चाळीत जातात. १८९३ पासून चालत आलेल्या त्या साध्या उत्सवात डोळे दिपवणारे काही नसते, तरीही तिथून निघताना काही कमी पडले असे कुणालाच वाटत नाही. भव्यता आणि देखणेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या भागातल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.

हीच पारखी नजर आता आणखी एका ठिकाणी उपयोगी पडणार आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी नव्या व्हिडिओ गेमसाठी नवे यंत्र मागते आणि कारण देते, 'ग्राफिक्स फार भारी आहेत.' चांगल्या यंत्राला पन्नास हजार रुपये सहज मोजावे लागतात. मध्यमवर्गीय घरात एवढी रक्कम सहजासहजी बाजूला निघत नाही. म्हणूनच 'भारी' म्हणजे नेमके काय, आणि दोन खेळांची दृश्यगुणवत्ता तोलायची कशी, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

रंगमंच आणि रस्ता

'ओपन वर्ल्ड' म्हणजे आखून दिलेल्या एकाच वाटेने न जाता मनास येईल तिकडे भटकता येईल असा खेळ. 'ग्रँड थेफ्ट ऑटो', 'असॅसिन्स क्रीड', 'रेड डेड रिडेम्प्शन' ही यातली गाजलेली नावे. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाचा पडदा उघडतो, तेव्हा समोर दिसणारा दिवाणखाना फक्त प्रेक्षकांच्या बाजूने सजवलेला असतो. मागे नुसत्या लाकडी चौकटी असतात. एका वाटेने जाणारा खेळ बराचसा असा असतो. प्रेक्षक कुठे बसणार हे नेपथ्यकाराला ठाऊक असते. ओपन वर्ल्ड खेळात मात्र प्रेक्षक रंगमंचावर चढतो, दार ढकलून पाहतो आणि गच्चीवरून खाली डोकावतो. तो कुठून पाहील याचा नेम नसल्याने सगळ्याच बाजू सजवाव्या लागतात.

त्यातच वेळेचे बंधन असते. हालचाल सलग भासावी म्हणून यंत्राला दर सेकंदाला साधारण ३० किंवा ६० चित्रे काढावी लागतात. ६० चित्रे काढायची, तर एका चित्राला सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम १६ ते १७ भाग मिळतात. तेवढ्यात इमारती, माणसे, सावल्या, पाऊस असे सारे काही उरकायचे असते. घरखर्चाप्रमाणे इथेही एका गोष्टीवर सढळ हाताने खर्च केला की दुसरीकडे काटकसर आलीच. खेळांची तुलना करायची म्हणजे ही काटकसर कुणी कुठे केली आणि ती किती बेमालूम लपवली, हे पाहायचे.

आकड्यांचा भुलभुलैया

जाहिरातीत सर्वात ठळक छापला जातो तो 'फोर-के' हा शब्द. त्याचा अर्थ चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. 'फुल एचडी'मध्ये ते सुमारे २१ लाख असतात. फरक चौपट आहे खरा, पण ३२ इंची टीव्ही आठ फुटांवरून पाहणाऱ्या सामान्य डोळ्याला फुल एचडीचे ठिपकेही सुटे दिसत नाहीत. मग चौपट ठिपक्यांचा लाभ कुणाला? शिवाय आजचे बरेच खेळ कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते गणिताच्या साहाय्याने मोठे करतात. खोक्यावर आकडा छापला, म्हणजे तितके ठिपके खरोखर काढले जातातच असे नाही.

याउलट उदाहरण २०१७ मधल्या 'द लिजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळाचे. टीव्हीला जोडलेल्या निन्टेन्डो स्विच यंत्रावर त्याचे चित्र ९०० ओळींचे, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी होते. तरी जलरंगांची आठवण करून देणारी त्याची कुरणे आजही जुनी वाटत नाहीत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा ओपन वर्ल्ड नव्हे, पण पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकला यांच्या आधारे मर्यादित बळावरही देखणे विश्व उभे करता येते, हे त्याने दाखवून दिले.

दूरचे आणि जवळचे

मंडपातले दूरचे शिखर ओबडधोबड असले तरी चालते. हाताशी येणारा खांब मात्र नीट घडवावा लागतो. खेळांतही हेच तंत्र वापरतात. एकाच इमारतीची तीन-चार रूपे तयार असतात. लांबून पाहताना साधे खोके आणि जवळ जाल तसतशा खिडक्या, गज, कुंड्या. हा बदल लक्षात आला नाही, तर कारागिरी उत्तम. चालता चालता समोरचे झाड एकाएकी 'उगवले', तर ती कच्ची.

दूरचे लपवण्याचा जुना उपाय म्हणजे धुके. २००४ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'मध्ये क्षितिजावर सतत धूसर पडदा असे. यंत्राची ताकद अपुरी होती म्हणून तो घातलेला होता. पण त्यामुळे तीन शहरे एकमेकांपासून फार लांब असल्याचा भास होई. २०२१ मध्ये हा खेळ नव्या रूपात आला, तेव्हा धुके विरले आणि डोंगरावरून सारा मुलूख एका नजरेत दिसू लागला. तो इतका लहान निघाला की चाहत्यांनी ओरड केली. पुढे २०२४ मध्ये जुन्या धर्तीच्या प्रकाशयोजनेची सोय त्यात करण्यात आली. अधिक दिसते म्हणून ते अधिक चांगले दिसतेच असे नाही. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून संध्याकाळी नरिमन पॉइंटच्या इमारती धूसर होताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे चटकन पटेल.

खोताचीवाडीतले ऊन

दृश्यगुणवत्तेतला सर्वात अवघड विषय प्रकाशाचा. गिरगावच्या खोताचीवाडीत सकाळचे ऊन एखाद्या लाल भिंतीवर पडले, की अरुंद गल्लीतल्या समोरच्या पांढऱ्या भिंतीवर किंचित तांबूस झाक येते. प्रकाश असा भिंतींवरून परावर्तित होत घराघरांत शिरतो. ही झाक नसेल, तर संगणकाने काढलेली गल्ली बाहुलीघरासारखी कोरडी दिसते.

वेळ ठरलेली असेल, तर हा हिशेब आधीच करून चित्रात मुरवता येतो. २०१४ च्या 'असॅसिन्स क्रीड: युनिटी'ने हाच मार्ग धरला. दिवस-रात्रीचे अखंड चक्र ठेवण्याऐवजी दिवसाच्या काही ठरावीक वेळा निवडल्या. म्हणूनच त्यातले पॅरिस इतक्या वर्षांनंतरही डोळ्यांना सुखावते. सूर्य फिरता ठेवायचा, तर मात्र हा हिशेब क्षणोक्षणी नव्याने करावा लागतो. 'रे ट्रेसिंग' म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढणे. २०१८ पासून घरगुती संगणकांत हे तंत्र शिरले. २०२३ मध्ये 'सायबरपंक २०७७' या खेळाने बहुतेक सगळा प्रकाश याच पद्धतीने काढण्याची सोय दिली. पण ती पेलायला अतिशय महागडे यंत्र लागते.

याच खेळाने ग्राहकांना एक धडाही दिला. डिसेंबर २०२० मध्ये तो आला, तेव्हा जुन्या यंत्रांवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने काही महिने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला होता. तेव्हा मित्राच्या संगणकावर खेळ पाहून आपला निर्णय घेऊ नये. आपल्या घरी जे यंत्र आहे, त्यावरचेच चित्र पाहावे.

डबके आणि गर्दी

पावसाळ्यात हिंदमाता परिसरात साचलेले पाणी पाहिलेल्या वाचकाला पुढची परीक्षा सोपी वाटेल. खेळातल्या एखाद्या डबक्यात समोरच्या इमारतीचे प्रतिबिंब पाहा. मग नजर हळूहळू खाली, पाण्याकडे वळवा. इमारत पडद्याबाहेर जाताच तिचे प्रतिबिंबही पुसले गेले, तर समजावे की खेळ फक्त पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींचेच प्रतिबिंब काढतो. किरणांचा माग काढणाऱ्या खेळात ते टिकून राहते. २०१८ मध्ये 'स्पायडर-मॅन' येण्यापूर्वी आधीच्या झलकीपेक्षा त्यातली डबकी कमी झाली म्हणून मोठा गदारोळ झाला होता. डबक्यांचा आकार तेवढा बदलला आहे, गुणवत्ता घटलेली नाही, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. वाद हास्यास्पद वाटला, तरी झलक आणि प्रत्यक्ष खेळ यांत अंतर पडू शकते, ही त्यामागची शंका मुळीच निराधार नव्हती. २०१२ मध्ये दाखवलेले 'वॉच डॉग्ज' आणि २०१४ मध्ये विक्रीस आलेले 'वॉच डॉग्ज' यांतली तफावत अनेकांना खटकली होती.

शेवटची कसोटी गर्दीची. दादर स्थानकाच्या पुलावर संध्याकाळी कुणी थबकतो, कुणी पिशवी सावरतो, कुणी वाट काढतो. खेळातली माणसे एकाच साच्यातून काढल्यासारखी चालू लागली, की उत्तम प्रकाशाचीही रया जाते. 'युनिटी'ने पॅरिसच्या रस्त्यांवर हजारोंचा जमाव उभा केला, पण त्याच्या ओझ्याने सुरुवातीला चित्र अडखळू लागले होते. गर्दी आणि गती यांची ओढाताण तिथे स्पष्ट दिसली.

आपली मुंबई कुणी काढायची?

या सगळ्या कसोट्यांपलीकडे एक प्रश्न उरतो. पडद्यावरचे शहर सुंदर असेल, पण ते ते शहर आहे का? २०१८ च्या 'हिटमॅन २' या खेळात मुंबईवर बेतलेले एक मोठे प्रकरण आहे. तो पूर्ण अर्थाने ओपन वर्ल्ड नव्हे, पण बराच मोकळा आहे. झोपडवस्ती, अर्धवट उभा टॉवर, चित्रपटाचे चित्रीकरण आणि रेल्वेचे यार्ड त्यात हाकेच्या अंतरावर आहेत. डेन्मार्कच्या 'आयओ इंटरॅक्टिव्ह'चे काम तांत्रिकदृष्ट्या वाखाणण्याजोगे आहे. गर्दी दाट आहे, रंग झळझळीत आहेत. पण ते मुंबईच्या काही ठळक खुणांचे संमेलन आहे. गिरगावकराला त्यात आपली गल्ली सापडत नाही. मुंबईतल्याच 'गेमिऑन'ने २०२० मध्ये 'मुंबई गलीज' हा शहरभर हिंडता येईल असा खेळ जाहीर केला, तेव्हा इथल्या तरुणांना त्याचे एवढे अप्रूप वाटले ते यामुळेच.

लालबाग ओळखू येते ते ठिपक्यांच्या संख्येवरून नव्हे. चाळीच्या सामाईक गॅलरीतला झिजलेला लाकडी कठडा, दाराबाहेरचे पाण्याचे पिंप, दोरीवरचे कपडे, मसाला गल्लीतली लाल मिरच्यांची पोती, गिरणीची उरलेली चिमणी आणि तिच्यामागचा काचेचा मनोरा. हे तपशील कुणीतरी जवळून पाहिलेले, मोजलेले असावे लागतात. 'युनिटी'तल्या नोत्र दामच्या प्रतिकृतीवर एका कलावतीने वर्षाहून अधिक काळ खर्च केला होता. ती मूळ वास्तूची तंतोतंत नक्कल नव्हती. तरीही एप्रिल २०१९ मध्ये त्या कॅथेड्रलला आग लागल्यावर जगभरच्या लोकांना तिची आठवण झाली. निर्मात्यांनी पाच लाख युरोंची मदत जाहीर केली आणि काही दिवस खेळ विनामूल्य खुला केला. जळालेल्या छपराखाली पुन्हा एकदा, पडद्यावर का होईना, लोकांना हिंडता आले.

आपल्याकडे आग लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला. जुन्या घरांत दिवस काढणाऱ्यांना चांगले घर मिळणे हे योग्यच आहे. त्याबद्दल हळहळ नको. परंतु त्या जिन्यांवर दुपारी ऊन कसे उतरत असे आणि गॅलरीतून समोरच्या चाळीचे काय काय दिसत असे, हे पुढच्या पिढीला दाखवायचे, तर त्याची नोंद आजच व्हायला हवी. छायाचित्रे, मोजमापे, भिंतींचे रंग, दारांच्या कड्या, सारेच. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोबाइलचा कॅमेरा, टेप आणि एक वही पुरते.

तोवर घरातल्या मुलाने नव्या खेळाची मागणी केली, तर नकार देण्यापूर्वी त्याच्या शेजारी अर्धा तास बसावे. क्षितिज पाहावे, डबके पाहावे, सावली कशी सरकते ते पाहावे आणि रस्त्यावरची माणसे माणसांसारखी चालतात का ते पाहावे. मग त्यालाच विचारावे, की याच पद्धतीने आपली गल्ली काढायची झाली, तर तू सुरुवात कुठून करशील? त्याच्या उत्तरावरून त्याची नजर किती तयार झाली आहे, ते कळेल.