पानाचा हिशेब : मालामागील रानाची नोंद

आपल्या वहीखात्यांत मालाची किंमत, हमाली, आडत, गाडीभाडे, तूट-घट या सर्वांस स्वतंत्र रकाने असतात. ज्या रानातून माल आला त्या रानाचे पुढे काय झाले, यासाठी मात्र रकाना ठेवण्याची वहिवाट नाही. मोठ्या कंपन्यांस आता तो उघडावा लागत आहे. त्यांस माल पुरविणाऱ्यांकडेही आज ना उद्या विचारणा होणारच. म्हणून हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

धुराचा हिशेब त्यामानाने सोपा. एक टन कर्बवायू मुंबईत निघो अथवा हिंडलग्यात, हवेच्या दृष्टीने तो सारखाच. जीवसृष्टीचे तसे नाही. तिलारीच्या खोऱ्यातील एक हेक्टर रान आणि माळावरील एक हेक्टर गवत यांतील जीव निराळे. एकाची हानी दुसरीकडे रोपे लावून भरून निघत नाही. म्हणून येथे वजनाआधी ठिकाण विचारावे लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये 'टी.एन.एफ.डी.' या आंतरराष्ट्रीय मंडळाने कंपन्यांसाठी जी पद्धत प्रसिद्ध केली तिचा क्रमही हाच आहे. प्रथम माल कोठून येतो ते शोधावे; मग तेथील निसर्गावर आपण किती अवलंबून आहोत व त्याचे काय बिघडवतो ते पाहावे; त्यातून उद्भवणारा धोका तोलावा; आणि शेवटी उपाय योजून ते जाहीर करावे. आपल्याकडे 'सेबी'ने बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांस २०२२-२३ या वर्षापासून जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात संवेदनशील क्षेत्रांतील कामकाजाची माहिती द्यावी लागते. परंतु तेथील जीवसृष्टीवर झालेल्या परिणामाचा तपशील ऐच्छिक भागात ठेवला आहे. ही सवलत आम्हांस तरी पटत नाही. जो खर्च लिहिणे ऐच्छिक, तो लिहिला जाण्याचा संभव किती, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आता आपल्याच परिसरातील उदाहरण घेऊ. निपाणीचा तंबाखू विडीचा. तंबाखू कोणत्या शिवारातला हे आडत्या सहज सांगेल. पण विडीचे पान? तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे, हे पान मुख्यतः मध्य भारतातील जंगलांतून येते. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा व हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने. तोडणी उन्हाळ्यात होते. नवे पान कोवळे, रुंद व बिनडागी यावे म्हणून तत्पूर्वी झुडपे छाटतात. काही ठिकाणी जमिनीवर आगही लावतात. त्या आगीत अन्य वृक्षांची रोपे जातात आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडीही जातात. फांद्या तोडलेल्या झाडास टेंभरे धरत नाहीत, आणि त्या फळांवर अस्वलांचा व गावातील पोरांचा सारखाच डोळा असतो! विडीच्या बंडलाच्या किंमतीत यांतील एक पैसाही दिसत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने मात्र हा हिशेब स्वतःच मांडला. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली तिला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. पुढे फांद्या तुटतात व वणवे लागतात या कारणास्तव तिने तेंदूपानाची तोडणीच बंद केली आणि बांबूच्या विक्रीवर भिस्त ठेवली. हातचे रोख उत्पन्न सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. सर्वच गावांस ते परवडेल असे आम्ही म्हणत नाही. अनेक आदिवासी कुटुंबांचा पावसाळ्यापूर्वीचा मोठा आधार हेच पान आहे.

हिंडलग्यावरून जाणाऱ्या वेंगुर्ले रस्त्यावर दुसरा माल दिसतो, तो काजूचा. काजूची बाग हिरवी असते, म्हणून ती जंगलाच्या रकान्यात घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. जुन्या पडीक जमिनीवर लावलेला काजू वेगळा आणि उभे रान तोडून लावलेला वेगळा. युरोपीय संघाने २०२३ साली कॉफी, रबर, लाकूड आदी सात जिनसांविषयी कायदा केला, त्यातही हाच भेद आहे : ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरील माल चालणार नाही, व जमिनीच्या तुकड्याचे ठिकाण दाखवावे लागेल. काजू त्या यादीत नाही आणि अंमलाची मुदतही पुढे ढकलली गेली. तथापि वारा कोणीकडचा हे ध्यानात यावे.

खरी अडचण गोदामात येते. दहा गावांच्या गोण्या एकदा एकत्र रचल्या की कोणते पान आगीच्या रानातले, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. म्हणून नोंद खरेदीच्या जागीच व्हावी : गाव, तोडणीचा महिना, झुडपे छाटली की कसे, आग लावली होती की नाही. पावतीवर चार ओळी वाढतील, इतकेच. मात्र आग न लावता तोडलेले पान हवे आणि दर जुनाच द्यावयाचा, असे झाल्यास सारा बोजा पान तोडणाऱ्या बाईवर पडेल. तो फरक बीजकात निराळा दाखवून तिच्यापर्यंत पोहोचविणे, हाही याच हिशेबाचा भाग होय.