पायाला कळणारी वेगमर्यादा

वाहनाचा वेग वाढवण्याचे काम चालकाचा उजवा पाय करतो, पण वेग मर्यादेबाहेर गेल्याची सूचना मात्र त्याच्या डोळ्यांना किंवा कानांना दिली जाते. वेगदर्शक काटा पाहायचा तर नजर क्षणभर रस्त्यावरून काढावी लागते, आणि इशाऱ्याचा आवाज इंजिन, हॉर्न व गाण्यांच्या गदारोळात विरून जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी वाहन-अभियंत्यांनी स्पर्शसंवेदी अ‍ॅक्सिलरेटर पेडल घडवले. वेग वाजवीपेक्षा वाढला, पुढील वाहन फार जवळ आले किंवा इंधन वाया जाऊ लागले, की हे पेडल पायाखाली कडक होते किंवा थरथरते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याला बोईसर-तारापूरशी जोडणारे रस्ते ज्या पालघर जिल्ह्यातून जातात, तेथे या साधनाचा विचार गांभीर्याने होणे आवश्यक आहे.

जुन्या वाहनांत पेडल एका तारेने थेट इंजिनाच्या झडपेशी जोडलेले असे. आधुनिक वाहनांत ती तार उरलेली नाही. पेडल किती दाबले गेले हे संवेदक मोजतो, त्याचा विद्युतसंकेत इंजिनाच्या नियंत्रक संगणकाकडे जातो आणि पायाला जाणवणारा विरोध केवळ स्प्रिंगचा असतो. या रचनेत एक छोटी विद्युत मोटर बसवली, की तो विरोध हवा तेव्हा वाढवता येतो किंवा पेडलाला ठोके देता येतात. महत्त्वाची गोष्ट ही की पेडल अडकून बसत नाही: ओव्हरटेक करताना किंवा संकटातून निसटताना चालकाने अधिक जोर दिला तर ते नेहमीप्रमाणे खाली जाते, म्हणजेच अंतिम निर्णय माणसाकडेच राहतो.

या पद्धतीचे बळ शरीररचनेत आहे. तळपायाच्या त्वचेत खोलवर असलेले काही संवेदी घटक सेकंदाला सुमारे २०० ते ३०० कंपने सर्वांत चांगली टिपतात, तर पेडलाचा वाढलेला ताठरपणा स्नायू व कंडरांतील चेतातंतूंना कळतो, त्यामुळे जाड तळव्याच्या बुटातूनही तो जाणवतो. ज्या अवयवाने कृती करायची त्यालाच सूचना मिळत असल्याने तिचा अर्थ लावण्यात वेळ कमी जातो. आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेळेचे मोल कळते.

ही कल्पना प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. स्वीडनमध्ये १९९९ ते २००२ या काळात चार शहरांत सुमारे ५,००० वाहनांवर वेगसाहाय्य प्रणालींची चाचणी झाली. त्यांपैकी लुंड शहरात वेगमर्यादेपाशी विरोध करणारे पेडल वापरले गेले आणि तेथे सरासरी वेग व वेगातील चढउतार कमी होऊनही प्रवासाचा वेळ फारसा वाढला नाही. पुढे निस्सान कंपनीने इंधनबचतीसाठी असे पेडल आणले, तर मर्सिडीजने आपल्या हायब्रिड मोटारींत पाय उचलण्याची वेळ झाल्याचे सांगणारे ठोके पेडलात बसवले. युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगसाहाय्य प्रणाली बंधनकारक असून, चालकाला सावध करण्याच्या मान्य मार्गांत पेडलाद्वारे दिलेली स्पर्शसूचनाही आहे.

भारतातील व्यवस्था याहून वेगळी आहे. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत ताशी ८० किलोमीटर ओलांडताच अधूनमधून आणि १२० ओलांडताच सतत वाजणारा इशारा सक्तीचा झाला. व्यावसायिक वाहनांसाठी २०१५ मध्ये सुधारलेल्या नियमानुसार वेगनियंत्रक, म्हणजे ठरावीक वेगापुढे वाहन जाऊ न देणारे यंत्र, आवश्यक आहे. त्याची मर्यादा साधारणपणे ८०, तर टँकर, डंपर, शालेय बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांसाठी ६० आहे. ही दोन्ही साधने उपयुक्त असली तरी त्यांना ठरावीक आकडेच ठाऊक असतात, रस्ता ठाऊक नसतो.

पालघरमध्ये हीच त्रुटी सर्वाधिक जाणवते. तारापूर औद्योगिक वसाहतीकडे रसायने घेऊन येणारा टँकर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सोडून चिल्हार फाट्यावर वळतो आणि नागझरी, बेटेगाव या गावांवरून बोईसरला पोहोचतो. शाळा सुटण्याच्या किंवा कारखान्यांची पाळी बदलण्याच्या वेळी विद्यार्थी, सायकलस्वार आणि पायी जाणारे कामगार रस्त्यावर असताना ताशी ६० हा वेगही घातक ठरतो, पण वेगनियंत्रकाच्या दृष्टीने तो पूर्णपणे नियमात असतो. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीतल्या वळणांबाबतही हेच म्हणता येते, कारण अर्धवट भरलेल्या टँकरमधील द्रव वळणावर एका बाजूला झुकतो आणि वाहन कलंडण्याचा धोका वाढवतो. उपग्रहाधारित नकाशा आणि फलक वाचणारा कॅमेरा यांच्याशी जोडलेले पेडल मात्र महामार्गावर ८०, खिंडीत त्याहून कमी आणि बाजारपेठेत आणखी कमी अशी बदलती मर्यादा चालकाच्या पायापर्यंत पोहोचवू शकते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला, तेव्हा वेग, मागच्या आसनावरील सुरक्षा पट्टा आणि पुलापाशी अरुंद होणारा रस्ता या तिन्ही बाबींची देशभर चर्चा झाली. पेडलाने तो अपघात टळला असता असा दावा करता येणार नाही. तथापि रस्ता पुढे अरुंद होत असल्याची आगाऊ सूचना चालकाला कशी मिळावी, हा प्रश्न त्या घटनेने ठळक केला.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तार असलेल्या जुन्या ट्रकमध्ये ते सहज बसवता येत नाही, आणि नकाशातील वेगमर्यादा चुकीच्या असतील किंवा फलक झाडांआड व धुळीखाली गेले असतील, तर पेडल अकारण विरोध करू लागते आणि चालक त्यावरचा विश्वास गमावून ते बंद करतो. म्हणून पेडलाच्या आधी रस्त्याची माहिती नीट व्हावी लागेल.

वेग ६० वरून ८० वर गेला, की वाहनाची गतिज ऊर्जा, म्हणजेच टक्कर झाल्यास मोकळी होणारी विध्वंसक शक्ती, पावणेदोन पटींहून अधिक होते. पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदर पूर्णत्वास गेल्यावर या जिल्ह्यातील अवजड वाहतूक आणखी वाढणार आहे. त्याआधी जिल्ह्यातील प्रत्येक वळणाची, शाळेची आणि पुलाची वेगमर्यादा निश्चित करून ती डिजिटल नकाशावर आणणे हे शासनाने करावे, आणि रासायनिक टँकर व कामगारांच्या बस यांच्या नव्या ताफ्यांत स्पर्शसंवेदी पेडलाची चाचणी तारापूरच्या उद्योगांनी पुढाकार घेऊन सुरू करावी.