भित्र्या कुत्र्यासाठी घर पाहताना

तोंडवली-तळाशीलला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांच्या बागांतली घरं. कुत्रा मागायला येणारा बहुतेक वेळा एवढंच सांगतो, "राखणेक कुत्रो व्हयो." मागणी रास्त आहे. पण मार खाल्लेलं किंवा गाडीतून आणून सोडून दिलेलं कुत्रं राखण करायच्या आधी लपायला जागा शोधतं. म्हणून घरची माणसं प्रेमळ आहेत का, हे विचारण्याआधी त्या घराचा दिवस कसा जातो ते पाहावं.

घरात होमस्टे असेल तर दर दोन दिवसांनी नवी माणसं, नव्या गाड्या, नवी मुलं. असं घर कितीही मायेचं असलं तरी भित्र्या कुत्र्याला नको. म्हातारं जोडपं आणि ठरलेला दिनक्रम असलेलं घर चांगलं, पण तिथेही गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी किती येतात, हे विचारून घ्यावं. त्या दिवसांत कुत्र्याला मागीलदारची एखादी शांत खोली मिळणार असेल तर हरकत नाही. शेजारच्या आचऱ्याचं घर असेल तर आणखी एक प्रश्न: गावपळण जवळ आली आहे का? ग्रामदेव रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस सगळा गाव गुराढोरांसकट, कुत्र्यामांजरांसकट वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. जेमतेम रुळू लागलेल्या कुत्र्याला ते झेपत नाही.

पहिल्या भेटीत कुत्र्याकडे नीट पाहावं. शेपूट पायांत, झोप नसताना जांभया, जीभ पुन्हा पुन्हा नाकावरून फिरते, मान वळवतं पण नजर तिरकी तुमच्यावरच, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. बांगड्याचा तुकडा नाकाशी नेला तरी घेत नाही, म्हणजे भीती भुकेपेक्षा मोठी आहे. अशा वेळी घरच्या माणसाने पाठमोरं किंवा एका अंगाला वळून जमिनीवर बसावं, काटे काढलेला तुकडा बाजूला टाकावा आणि गप्प राहावं. डोक्यावरून हात फिरवायची घाई करू नये. असं अर्धा तास बसू शकणारा माणूस मला सगळ्यांत जास्त पसंत पडतो. घरात आधीचा शांत, माणसाळलेला कुत्रा असेल तर दुधात साखर, कारण भित्रं कुत्रं त्याचं पाहून शिकतं. दोघांची ओळख मात्र घरात करून देऊ नये. ओहोटीच्या वाळूवर, दोघांना दोरीवर घेऊन, अंतर राखून शेजारी-शेजारी चालवावं.

मग कुंपण. चिऱ्याचा गडगा कुत्रं सहज ओलांडतं, आणि नव्या घरातून पळालेलं कुत्रं ओळखीच्या हाकेलाही येत नाही. म्हणून सुरुवातीला खळ्यातसुद्धा दोरी हवी. कुत्रं मागे सरकलं की गळपट्टा डोक्यातून निघतो, म्हणून छातीपट्टाही हवा. रात्री त्याला बाहेर बांधू नये, सिंधुदुर्गात बिबटे कुत्री उचलतात. हिवाळ्यात किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि मोकळं कुत्रं ती उकरतं, म्हणून मोकळंही सोडू नये.

रुळण्याचा ढोबळ हिशेब तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा धरतात: धक्का ओसरायला, दिनक्रम कळायला, घर आपलं वाटायला. इथे मला जुलै बरा वाटतो. जूनच्या आरंभीचा गडगडाट ओसरलेला असतो, 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटकही नसतात. दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत तीन महिने हाताशी राहतात.

देण्याआधी नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असावी. ही लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढे दर वर्षी. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांचं लसीकरण नेटाने केलं आणि 2021 मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.

शेवटी एक कागद करावा. त्यात लिहावं की नाही जमलं तर कुत्रं देणाऱ्यालाच परत द्यायचं, बाजारात किंवा दुसऱ्या गावात सोडायचं नाही. परत करणाऱ्यावर चिडूही नये, नाहीतर पुढच्या वेळी तो आपल्याला न कळवताच सोडून देईल. उलट कुत्रं कशाला घाबरलं, काय खाल्लं, कुठे झोपलं, हे त्याच्याकडून विचारून घ्यावं. पुढचं घर निवडायला तीच माहिती उपयोगी पडते.