टोपी न काढणारा मोची

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘बोस्टन टी पार्टी’ला दोनच ओळी होत्या. वसाहतवाल्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, इंग्लंडचा राजा चिडला, युद्ध पेटलं. पेट्या उचलल्या कुणी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. भरलेली मोठी पेटी दीडशे किलोंच्या घरात जायची. अशा आणि याहून लहान मिळून 342 पेट्या डिसेंबरच्या थंडीत, रात्रीच्या अंधारात, तीन तासांत फोडून रिकाम्या करायच्या म्हणजे अंगमेहनतीचे हात हवेत. भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात, या हातांची नसतात.

त्यातल्या एका जोडी हातांचा मालक मला सापडला. जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ह्ज ह्यूज. जन्म बोस्टनचा, 1742 सालचा. धंदा जोडे शिवण्याचा, उंची पाच फूट एक इंच. सैन्यात भरती व्हायला गेला तर बुटका म्हणून परत पाठवलेला. नव्या कपड्यांची उधारी फिटली नाही म्हणून 1770 मध्ये तुरुंगाची हवाही खाऊन आलेला. पुढे त्याला पंधरा मुलं झाली आणि शेवटच्याच्या नावात त्याने चक्क ‘फिफ्टीन’ घातलं. याची आठवण कुणी ठेवावी असं वरवर पाहता काहीच नव्हतं.

पण आधी तो चहा बोस्टनच्या धक्क्यावर कसा आला ते सांगायला हवं, कारण त्या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे. 1770 च्या दुष्काळात बंगाल उजाड झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या वखारींत सुमारे 1 कोटी 70 लाख पौंड चहा विक्रीवाचून पडून होता. कंपनीला सावरायला पार्लमेंटने 1773 मध्ये दोन कायदे केले. चहाच्या कायद्याने कंपनीला आपला माल थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट. मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या ताब्यात देणारा हाच कायदा. राघोबादादांशी मुंबईने 1775 मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने मोडीत काढला आणि पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला, तो याच्याच जोरावर. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, बोस्टनचा चहा बुडाला 16 डिसेंबरला. एकाच कंपनीची एकच नड, आणि तिचे धागे शनिवारवाड्यापर्यंतही येतात, बोस्टनच्या ग्रिफिन धक्क्यापर्यंतही जातात. तिकडच्या लोकांना हे कळत होतं. जॉन डिकिन्सनने त्याच साली ‘रस्टिकस’ या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बंगालच्या भुकेबळींचा दाखला दिला होता: ज्यांनी आशिया लुटला, त्यांची नजर आता आपल्याकडे वळली आहे. बंगालच्या त्या मृतांचं नाव अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या कथेत अभावानेच येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट. या कायद्याने चहा महागणार नव्हता, स्वस्त होणार होता. पौंडामागे तीन पेन्सचा कर मात्र कायम होता. स्वस्त चहा घशाखाली गेला की करही गिळला जाणार आणि कर लावायचा पार्लमेंटचा हक्क आपण मान्य केल्यासारखं होणार, हे बोस्टनने ओळखलं. तिथले व्यापारी तर धंदाच बुडणार म्हणून हादरले होते.

ह्यूजला राजकारणात ओढलं ते कुठल्या पुस्तकाने नाही. 1768 पासून शहरात इंग्रज पलटणी उतरल्या होत्या. एका सार्जंटने कॅप्टन प्रेस्टनचं नाव सांगून त्याच्याकडून जोडे करून घेतले आणि पैसे बुडवले. ह्यूजने सरळ प्रेस्टनकडे तक्रार नेली. त्या माणसाला साडेतीनशे फटक्यांची शिक्षा झाली तेव्हा ह्यूज कळवळला. एवढं होणार हे ठाऊक असतं तर तोंडच उघडलं नसतं, असं तो म्हातारपणीही सांगायचा. मला हा माणूस आवडायला लागला तो इथे. 5 मार्च 1770 च्या रात्री त्याच प्रेस्टनच्या तुकडीने जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. त्यांतला जेम्स कॉल्डवेल कोसळला तो ह्यूजच्या हातांवर.

चहाच्या रात्री ह्यूजने लोहाराच्या दुकानात शिरून तोंडाला कोळसा फासला आणि धक्क्याकडे निघालेल्या घोळक्यात मिसळला. त्याला शिट्टी छान वाजवता यायची, म्हणून त्याला टोळीचा नायक करण्यात आलं. जहाजाच्या कप्तानाकडे जाऊन त्याने तळघराच्या झडपांच्या किल्ल्या आणि डझनभर मेणबत्त्या मागितल्या, कप्तानाने निमूट दिल्या. चहाखेरीज कशाला हात लावायचा नाही हा दंडक होता. ओकॉनर नावाचा एकजण कोटाच्या अस्तरात चहा भरताना दिसला तेव्हा ह्यूजनेच त्याचा कोट पकडला.

सहा आठवड्यांनी, जानेवारी 1774 मध्ये, जॉन माल्कम हा कस्टम्सचा अधिकारी रस्त्यात एका पोरावर काठी उगारताना त्याला दिसला. ह्यूज मध्ये पडला. तुझ्यासारख्याने सभ्य गृहस्थाशी बोलायचं नसतं, असं माल्कमने सुनावलं. माल्कमला काही महिन्यांपूर्वीच दुसऱ्या गावात लोकांनी डांबर फासून वर पिसं चिकटवली होती. ह्यूज म्हणाला, माझ्यावर ती पाळी तर आली नाही! माल्कमने काठी त्याच्या कपाळात घातली. जखम बांधणारे डॉक्टर जोसेफ वॉरन पुढच्या वर्षी बंकर हिलच्या लढाईत मारले गेले. ती खोक साठ वर्षांनंतरही कपाळावर दिसत होती. माल्कमला त्या रात्री लोकांनी उघडा करून पुन्हा डांबर-पिसं लावली आणि गाडीवरून गावभर फिरवलं. ते क्रूर होतं. स्वातंत्र्याच्या कथेतून ते वगळू नये असं मला ठामपणे वाटतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: बोस्टनचं बंदर बंद, लेक्झिंग्टन, 1776 चा जाहीरनामा, फ्रेंचांची मदत, 1781 ला यॉर्कटाउन, 1783 ला पॅरिसचा तह. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडक्यांच्या फौजेबरोबर श्रीरंगपट्टणला पोचला.

मला मात्र लढायांपेक्षा एका टोपीत जास्त रस आहे. ह्यूज उमेदवारी करत असताना एकदा जॉन हॅनकॉक या धनाढ्य व्यापाऱ्याचा जोडा फाटला आणि या पोराने तो शिवून दिला. हॅनकॉकने त्याला नववर्षाला घरी बोलावलं. पोरगा तोंड धुऊन, ठेवणीतला कोट घालून गेला. हातपाय थरथरत होते. वाकवाकून नमस्कार केले, मिळालेलं नाणं घेतलं आणि कधी एकदा बाहेर पडतो असं त्याला झालं. तिथली टोपी काढणं म्हणजे आपल्याकडचा लवून मुजरा. मग 1779 उजाडतं. ह्यूज समुद्रावरच्या लढाईसाठी एका जहाजावर नाव नोंदवतो. जहाजाचं नावही ‘हॅनकॉक’च. रस्त्यात त्या जहाजाचा लेफ्टनंट भेटतो आणि टोपी काढायला फर्मावतो. ह्यूज सांगतो, मी कुणासाठीच टोपी काढत नाही. आणि ते जहाज सोडून ‘डिफेन्स’वर चढतो. आधीच्या दोन दशकांत इंग्लंडच्या हातून काय निसटलं ते मला या दोन भेटींत दिसतं.

स्वातंत्र्याने त्याची गरिबी हटली नाही. ‘डिफेन्स’वरच्या लुटीतला वाटा त्याला मिळालाच नाही. पुढे तो न्यूयॉर्क राज्यातल्या रिचफिल्ड स्प्रिंग्जला गेला आणि जोडे शिवत राहिला. 1834 मध्ये त्याच्या आठवणींचं पहिलं पुस्तक निघालं, 1835 मध्ये दुसरं. ‘टी पार्टी’ हे नाव पुस्तकाच्या मथळ्यावर चढलं ते इथे. आधी लोक ‘चहाचा नाश’ म्हणत. दुसऱ्या पुस्तकात तर तो चहाच्या रात्री खुद्द हॅनकॉक आपल्या शेजारी पेट्या फोडत होता असं सांगतो. अभ्यासक आल्फ्रेड यंग यांना ते संभवनीय वाटत नाही. मलाही नाही. पण ज्याच्या घरात आपण थरथरलो तो माणूस बरोबरीने राबताना त्याच्या आठवणीत साठ वर्षं उभा होता, हे खरं.

1835 च्या 4 जुलैला बोस्टनने त्याला पाहुणा म्हणून मिरवलं. जोसेफ कोलने त्याचं चित्र काढलं आणि नाव दिलं ‘शतायुषी’. वय तेव्हा 92 होतं, पण कुणाला त्याची पर्वा नव्हती. 1840 च्या स्वातंत्र्यदिनी समारंभाला न्यायला गाडी दाराशी आली आणि गाडीत चढताना अपघात होऊन तो जबर जखमी झाला. 5 नोव्हेंबरला गेला. त्याच्या लहानपणी बोस्टनमध्ये हा ‘पोप डे’चा दिवस असायचा. दुकानांतली उमेदवारीची पोरं पुतळ्यांच्या गाड्या ओढत रस्त्यावर उतरायची, मोठ्या घरांची दारं वाजवून पैसे मागायची आणि त्या एका दिवशी त्यांना नाही म्हणायची कुणाची हिंमत नसायची.