टोड लेनचं रोखीचं दुकान

रॉचडेल हे मँचेस्टरच्या उत्तरेचं फ्लॅनेल विणणाऱ्यांचं गाव. २१ डिसेंबर १८४४ रोजी रात्री आठ वाजता तिथल्या टोड लेनमधल्या एका गोदामाच्या तळमजल्यावरच्या दुकानाच्या फळ्या निघाल्या. आत लोणी, साखर, गव्हाचं पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. बस्स. बाहेर गिरणीतली पोरं हुर्यो करायला जमली होती. सगळा माल एका ढकलगाडीत बसेल, अशी थट्टा गावातल्या एका दुकानदाराने केली होती म्हणतात. त्यात फारसं खोटं नव्हतं.

दुकान काढणारे बहुतेक विणकर आणि छोटे कारागीर होते. त्यांची संख्या अठ्ठावीस सांगतात, पण नावांच्या याद्या आपसात जुळत नाहीत. संस्था मोठी झाली की संस्थापकही वाढतात, हे आपल्याला नवं नाही. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत भांडवल जमलं ते २८ पौंड. त्यातले १० पौंड वर्षाच्या भाड्याचे.

खटाटोप कशासाठी, तर त्या काळचं वाणसामान विकत घेणं म्हणजे फसवणूक विकत घेणं होतं. पिठात तुरटी, साखरेत वाळू, चहात वापरून वाळवलेली पत्ती. पगाराच्या बदल्यात मालकाच्याच दुकानातला माल कामगाराच्या गळ्यात मारण्याच्या पद्धतीवर १८३१ च्या कायद्याने बंदी आली होती, पण चाल मोडली नव्हती. शिवाय उधारी. एकदा वहीत नाव चढलं की माल कसाही असो, दुकान बदलायची सोय उरत नाही. वाण्याची वही ज्या घराने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

सहकारी दुकानाची कल्पना मात्र त्यांची नव्हती. समाजसुधारक रॉबर्ट ओवेनच्या विचारांतून अशी दुकानं इंग्लंडभर निघाली आणि बुडाली होती. खुद्द टोड लेनमध्येच १८३३ मध्ये एक निघालं आणि दोन वर्षांत उधारीपायी बसलं. त्यातली काही माणसं या नव्या खटपटीतही होती. म्हणून या वेळी नियम कडक: रोख पैसे टाका, माल न्या. सभासदालाही उधार नाही. वजन पुरं, माल निर्भेळ आणि भाव गावातलाच. गावापेक्षा स्वस्त विकायचं नाही, हे विशेष.

मग सभासदाला मिळायचं काय? इथे खरी अक्कल होती. खर्च, गंगाजळी आणि भांडवलावरचं ठरावीक व्याज वजा करून जे उरेल ते शेअरच्या नव्हे, खरेदीच्या प्रमाणात वाटायचं. पुढे या दुकानांमध्ये बिलाच्या रकमेइतके धातूचे बिल्ले देण्याची पद्धत पडली. बाई माल घेई, बिल्ले घरी डब्यात टाके आणि तिमाही संपली की डबा उपडा करून मोजून घेई. दहा शेअरवाल्याने काही घेतलंच नाही तर त्याच्या वाट्याला फक्त व्याज. एक शेअरवाली पोराबाळांची आई परतावा घेऊन जाई. मत मात्र दोघांना एकेकच, आणि बायकांनाही सभासद होता येई. संसदेसाठी मत द्यायचा हक्क ब्रिटिश बाईला मिळाला तो १९१८ मध्ये, तोही तीस वर्षांवरच्या काहींनाच.

पहिल्या वर्षाअखेर सभासद ७४, विक्री ७१० पौंड, शिल्लक २२ पौंड. १८४९ मध्ये गावची बचत बँक बुडाली आणि लोक आपले पैसे घेऊन या दुकानाकडे वळले. सभासद वर्षभरात १४० चे ३९० झाले. नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणाला काढायचं ठरलं, वाचनालय उभं राहिलं. १८८० पर्यंत सभासद दहा हजारांवर गेले होते.

पण रोखीच्या नियमाची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हातात शनिवारच्या पगाराआधी दमडी नसे, तो या दुकानाची पायरी चढूच शकत नव्हता. सर्वांत गरीब माणूस उधारीवाल्याकडेच राहिला. दुसरा डाग याहून मोठा. या मंडळींनी १८५४ मध्ये कापडगिरणीसाठी सोसायटी काढली आणि नफ्यात कामगारांनाही वाटा ठेवला. गिरणी चालू लागली तशी बाहेरच्या भागधारकांची रीघ लागली, आणि १८६२ मध्ये त्यांनी बहुमताने कामगारांचा वाटा रद्द केला. एक माणूस एक मत हा नियम पाळूनच हे घडलं.

रॉचडेलचा धागा आपल्याकडेही आला. मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनला १९०४ मध्ये ग्राहकांची संस्था निघाली. मुंबईत १९४८ मध्ये नायगावला गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला. म्हणजे तिथले विणकर, इथले गिरणी कामगार. माणसं त्याच जातकुळीची. फरक हवेचा होता. आपली बरीच ग्राहक भांडारं महायुद्धातल्या नियंत्रणांवर आणि रेशनवर पोसली गेली. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, भाव कडाडले आणि सरकारने सुपर बाजारांना पाठबळ दिलं. दिल्लीचा कॅनॉट प्लेसमधला त्याच साली सुरू झाला. टंचाई होती तोवर रांगा होत्या. टंचाई सरली तेव्हा गिऱ्हाइकाला या दुकानांशी बांधून ठेवायला तिमाहीचा परतावा बहुतेक ठिकाणी नव्हताच, आणि समोर चकचकीत मॉल उघडला होता.